विषुववृत्तावरचा पाण्याचा खेळ: नाटकाला चार स्टार, विज्ञानाला शून्य

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. खेळ जेमतेम दहा मिनिटांचा होता, पण त्याच्यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, त्यामुळे थोडक्यात लिहायला बसले तरी ते थोडक्यात राहणार नाही.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. विषुववृत्त जिथे रस्ता ओलांडतं तिथे एक मोठी पाटी असते, जमिनीवर रेषा आखलेली असते, लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात, आणि बाजूला एक माणूस भोक पाडलेलं घमेलं, पाण्याचा जग आणि दोन-चार काड्या घेऊन उभा असतो. तो तुम्हाला दाखवतो की रेषेच्या उत्तरेला पाणी एका बाजूने गरगरत खाली जातं, दक्षिणेला उलट्या बाजूने, आणि बरोब्बर रेषेवर सरळ खाली, अजिबात न फिरता, आणि हे सगळं म्हणे पृथ्वी फिरते म्हणून. केनियात हे चालतं, युगांडात चालतं, तिकडे इक्वेडोरमध्येही चालतं. आम्ही बघितला तो पूर्व आफ्रिकेत, याहून जास्त पत्ता सांगणार नाही कारण तो माणूस त्याच्यावर पोट भरतो आणि मला त्याचं वाईट करायचं नाहीये. तुम्ही कुठल्याही देशात गेलात तरी खेळ साधारण हाच असणार, तेव्हा रिव्ह्यू सगळ्यांना एकच समजा.

आमच्याबरोबर सासरे होते. बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि हे बेसिनच्या पाण्याचं उदाहरण त्यांनी वर्गात किती वेळा दिलंय ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यामुळे बाकीच्या ट्रिपमध्ये प्राणी बघताना अर्धवट झोपेत असलेले बाबा इथे गाडी थांबायच्या आत दार उघडून उतरले. टोपी विसरले. मी टोपी घेऊन मागे धावले तोपर्यंत ते पहिल्या रांगेत जाऊन उभे होते.

आता खेळ. घमेलं चौकोनी, निळं, प्लास्टिकचं, मध्यभागी बोटभर भोक. भोकाला खालून बोट लावायचं, जगातून पाणी ओतायचं, दोन काड्या सोडायच्या. मग हा गडी आम्हाला सगळ्यांना रेषेवर उभं करून उत्तरेला तीसेक पावलं चालत गेला, आमच्याकडे तोंड केलं, आणि बोट काढलं. काड्या हळूहळू फिरायला लागल्या. "घड्याळासारख्या!" तो ओरडला, आम्ही सगळे "ओऽऽ". परत आला, आमच्यातून वाट काढत दक्षिणेला तेवढीच पावलं, तोंड आमच्याकडे, बोट काढलं, काड्या उलट्या. परत "ओऽऽ". मग रेषेवर. इथे मात्र तो कुठे चालत वगैरे गेला नाही, एक पाऊल बाजूला सरकला, पाणी ओतलं, बराच वेळ काहीतरी गमतीजमती सांगत बसला, काड्या हलक्या हाताने ठेवल्या, बोट काढलं. काड्या जागच्या जागी. पाणी सरळ खाली. टाळ्या.

खरं सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. बोलणं एवढं सफाईदार, हात एवढे शांत, आणि विनोद तर प्रत्येक देशाच्या पाहुण्यासाठी वेगळे. बाबांनी तर त्याचा हात धरून हलवला, मास्तर मास्तरांना भेटल्यासारखं. शेवटी सर्टिफिकेट मिळतं की तुम्ही अमुक तारखेला विषुववृत्त ओलांडलंत, माझ्या नावातलं एक अक्षर त्यांनी खाल्लं होतं पण शिक्का एकदम कडक. टिप दिली, निघालो. इथपर्यंत पाच स्टार.

गडबड झाली परतीच्या वाटेवर. गाडीत सगळे झोपलेले, मी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघत होते, हेडफोन बॅगेत खाली कुठेतरी, म्हणून आवाज बंद ठेवून. आणि आवाज बंद केल्यावर काय झालं, तर मी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्या पायांकडे बघायला लागले. उत्तरेला चालत गेला म्हणजे आमच्याकडे पाठ. आमच्याकडे तोंड करायचं म्हणजे अर्धी गिरकी घ्यायला लागणार. घमेलं भरलेलं, हातात. उत्तरेला गेल्यावर तो उजवीकडून वळला. दक्षिणेला गेल्यावर डावीकडून वळला. रेषेवर वळलाच नाही. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. उजवीकडून वळला की काड्या घड्याळासारख्या, डावीकडून वळला की उलट्या, वळलाच नाही की काही नाही. झालं. एवढीच ती कोरिओलिसची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी-वारा वळतो म्हणतात त्या परिणामाची, कमाल.

घमेलं चौकोनी का, हेही तेव्हाच कळलं. गोल भांडं फिरवलं तर आतलं पाणी बरंचसं जागेवरच राहतं, कडेचं तेवढं जरा ओढलं जातं. चौकोनी भांड्याचे कोपरे मात्र पाण्याला धरून नेतात, वल्ह्यासारखे. अर्धी गिरकी पुरते. आणि पाणी एकदा जरासं फिरलं की ते मध्यभागी भोकाकडे जाताना आपोआप जोरात फिरायला लागतं, जसं फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की गिरकी वाढते तसं. म्हणजे माणसाने फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचं काम भोक करतं.

आणखी एक, जे मला सगळ्यात भारी वाटलं. रेषेवरच्या प्रयोगात त्याने घमेलं पूर्ण रिकामं होऊच दिलं नाही! दहा-बारा सेकंदांत "बघा, सरळ!" म्हणत परत बोट लावलं आणि उरलेलं पाणी बाजूला फेकलं. पूर्ण जाऊ दिलं असतं तर शेवटी शेवटी तिथेही कुठल्या ना कुठल्या बाजूने भोवरा पडायचीच शक्यता होती. म्हणजे कुठे थांबायचं हेही त्याला नीट ठाऊक. अनुभवाला पर्याय नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पाणी फिरवलं त्याने, पण दिशा तरी बरोबर दाखवली ना? नाही!! तीच तर गंमत. पृथ्वीचा परिणाम जर खरंच दिसला तर उत्तर गोलार्धात पाणी घड्याळाच्या उलट फिरायला हवं आणि दक्षिणेत घड्याळासारखं, चक्रीवादळं फिरतात तसं. याने नेमकं उलटं दाखवलं, आणि आम्ही तीस-पस्तीस शिकलेली माणसं, त्यात एक भूगोलाचे मास्तर, टाळ्या वाजवून आलो.

हे बाबांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, "राहू दे, कशाला." पण मला राहवलं नाही, रात्री जेवण झाल्यावर मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं बाबा, आवाज बंद करून बघा. त्यांनी बघितलं. परत बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मग म्हणाले, "सूनबाई, कागद आण."

कागदावर जे झालं ते इथे देते, कारण रिव्ह्यूमध्ये निदान एवढा हिशोब तरी हवा. पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारते. ध्रुवावर ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्याला ही फेरी पूर्ण मिळते. विषुववृत्ताकडे येऊ तशी ती कमी कमी होत जाते, अक्षांशाच्या साइनच्या हिशोबात. 20 अंशांवर तीच एक फेरी साधारण 70 तासांची होते. आणि रेषेपासून तीस पावलांवर, म्हणजे धरा 20 मीटर? अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण 31 मीटर, तर हा माणूस एक सेकंद अक्षांशसुद्धा चालला नव्हता. तिथे पृथ्वीच्या जोरावर पाण्याला एक फेरी मारायला लागतील साधारण 870 वर्षं. आठशे सत्तर! बाबांनी गुणाकार दोनदा तपासला, मग पेन खाली ठेवून एवढे हसले की नवरा आतून बघायला आला.

आणि घमेल्यातलं पाणी तर अर्ध्या मिनिटात संपतं.

तरी मी म्हटलं चला, रेषेजवळ नाही पण आपल्या घरच्या बेसिनमध्ये तरी? तिथेही नाही हो. मध्यम अक्षांशावर, म्हणजे 45 अंशांवर, सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यावर हा कोरिओलिसचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहा लाखांश भरतो. त्याच्यासमोर बाकीच्या गोष्टी बघा, नळाची धार मध्यावर पडते की कडेला, बेसिनचा तळ कुठे कललाय, भोक मधोमध आहे का, बूच कुठल्या हाताने उपटलं. समजा कडेला पाणी सेकंदाला फक्त एक मिलिमीटर सरकतंय, जे डोळ्याला दिसणारही नाही, तर तेवढं सरकणंसुद्धा लहान टबात पृथ्वीच्या वाट्याच्या शंभरपटीहून जास्त होतं. तेव्हा बेसिनमध्ये पाणी कुठे फिरतं ते नळ ठरवतो, गोलार्ध नाही. कमोडचं तर बोलूच नका, तिथे पाणी कडेच्या भोकांतून ज्या तिरप्या दिशेने सोडलंय त्याच दिशेने फिरतं, ऑस्ट्रेलियात नेऊन बसवला तरी तो तसाच फिरणार.

मग ही गोष्ट आली कुठून? सगळी थाप आहे का? तर नाही, आणि इथेच मला त्या खेळवाल्याचा खरा राग आला, कारण खरी गोष्ट त्याच्या खेळापेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि ती बिचारी कोणी दाखवतच नाही.

गास्पार-गुस्ताव्ह द कोरिओलिस नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1835 मध्ये फिरणाऱ्या यंत्रांचा हिशोब मांडला, त्याचं नाव या परिणामाला मिळालं. त्याच्या डोक्यात ना वादळं होती ना बेसिन. पृथ्वीचं फिरणं लोकांनी डोळ्यांनी बघितलं ते पुढे 1851 मध्ये, फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर लांब तारेला 28 किलोचा गोळा टांगला आणि त्याच्या झोक्याची दिशा तासातासाने सरकत गेली तेव्हा. पॅरिसच्या अक्षांशावर त्याला पूर्ण फिरायला साधारण 32 तास लागतात. पाण्याचा प्रयोग त्याहून नाजूक. 1908 मध्ये ऑस्ट्रियाच्या ओटोकार टुमलिर्झने त्यावर लिहिलं, पण ज्याला खरंच चोख म्हणावं असा प्रयोग केला एमआयटीच्या ॲशर शपिरोने, 1962 मध्ये.

त्याने काय केलं ते नीट वाचा, कारण सगळा जीव तिथे आहे. सहा फूट व्यासाची गोल सपाट टाकी. पाणी फक्त सहा इंच. मधोमध भोक तीन-अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, त्याला खालून 20 फूट लांब पाइप, आणि बूच पाइपच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे ते काढताना टाकीतल्या पाण्याला धक्का लागायचा प्रश्नच नाही. टाकीवर प्लास्टिक अंथरलेलं, वाऱ्याने पाणी हलू नये म्हणून. खोलीचं तापमान सारखं ठेवलेलं. आणि पाणी भरलं ते मुद्दाम घड्याळासारखं फिरवत, का, तर नंतर ते उलटं फिरलं तर कोणी म्हणू नये की भरतानाचंच फिरणं उरलं होतं! मग 24 तास थांबला. एक-दोन तासच थांबलं तर पाणी भरतानाच्या दिशेनेच फिरायचं, एवढी पाण्याची आठवण पक्की असते. पूर्ण दिवस थांबल्यावर बूच काढलं. टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं. पहिली बारा-पंधरा मिनिटं लाकडाच्या ढलप्यांचा छोटा क्रॉस पाण्यावर ढिम्म. आणि मग हळूहळू, घड्याळाच्या उलट, शेवटी तीन-चार सेकंदांत एक फेरी. त्या अक्षांशावर पृथ्वीच्या वाट्याला येणारी फेरी साडेपस्तीस तासांची, ती भोकापाशी येईपर्यंत तीन-चार सेकंदांवर आली.

तीन वर्षांनी, 1965 मध्ये, सिडनीत दुसऱ्या लोकांनी तसाच प्रयोग केला, पाणी अठरा तास किंवा जास्त ठेवून, आणि तिथे ते घड्याळासारखं फिरलं. 2015 मध्ये दोन यूट्यूबवाल्यांनी तर एकाने अलाबामात आणि एकाने सिडनीत, मुलांचे खेळायचे पूल भरून, दिवसभर पाणी ठेवून, दोन व्हिडिओ शेजारीशेजारी लावता येतील असे बनवले. म्हणजे गोष्ट खरी आहे. फक्त ती बघायला एक पूर्ण दिवस गप्प बसावं लागतं, आणि रस्त्यावर थांबलेल्या टुरिस्ट गाडीला वीस मिनिटं असतात. त्या माणसाचीही अडचण समजते मला.

रेषेवर मात्र चोवीस तास काय, चोवीस दिवस थांबलात तरी दोन बाजूंत फरक पडणार नाही, हे परत सांगते. वादळांना पण ते जमत नाही. चक्रीवादळं सहसा विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत तयारच होत नाहीत कारण फिरायला लागणारा तो रेटा तिथे मिळत नाही. 2001 च्या डिसेंबरमध्ये वामेई नावाचं एक टायफून सिंगापूरजवळ दीड अंशाच्या आसपास तयार झालं तर हवामानवाले अजून त्याचं नाव काढतात. वादळात दिशा पक्की असते कारण तिथे हवा शेकडो किलोमीटर आणि कित्येक दिवस चालत असते, पृथ्वीला तिला वळवायला वेळ मिळतो. 2021 चं अरबी समुद्रातलं तौक्ते घड्याळाच्या उलट फिरलं, 2019 चं मोझांबिकवर गेलेलं इदाई घड्याळासारखं, सॅटेलाइटचे फोटो शेजारी ठेवून बघा, कोणाच्या पायाकडे बघायची गरज नाही.

बाकी खेळात काय काय होतं. खिळ्याच्या डोक्यावर अंडं उभं करणे: जमतं, पण हात स्थिर असेल तर कुठेही जमतं, घरी येऊन नवऱ्याने अकराव्या प्रयत्नात केलं. विषुववृत्तावर वजन कमी भरतं: हे खरं आहे, पण ध्रुवाच्या तुलनेत. तिथे गुरुत्वाकर्षण 9.83 आणि इथे 9.78, म्हणजे साठ किलोच्या माणसाला स्प्रिंगच्या काट्यावर तीनशे ग्रॅमच्या आसपास फरक पडेल, पण रेषेच्या इकडून तिकडे उडी मारून फरक पडल्याचं कोणी दाखवलं तर काट्यावर त्याचं बोट आहे का ते बघा. आणि रेषेबद्दल सांगायचं तर, आखलेली रेषा खरी असेलच असं नाही. इक्वेडोरमध्ये कीटोजवळ जे मोठं स्मारक आहे तिथली रेषा जीपीएसच्या हिशोबाने खऱ्या विषुववृत्तापासून साधारण 240 मीटर दूर आहे, आणि लोक वर्षानुवर्षं तिथे पाय फाकवून फोटो काढतात. तुम्ही जाल तिथे फोनवर अक्षांश उघडून बघा, त्यात मजा येते, खोटी का असेना रेषा.

मला विचाराल तर त्या ठिकाणी दाखवण्यासारखं खरं बरंच आहे. 21 मार्चच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच गडप होते. चंद्रकोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते. रात्री ध्रुवतारा पार क्षितिजाला टेकलेला असतो, जवळजवळ दिसतच नाही. यातलं काहीही त्या गड्याने सांगितलं असतं तर त्याला गिरकी घ्यावी लागली नसती. पण दुपारी दोनला आलेल्या गाडीला तो तारे काय दाखवणार, कपाळ.

तर स्टार. बोलणं, टायमिंग, हातसफाई, चार. चौकोनी घमेल्याबद्दल खरं तर अर्धा जास्त द्यायला हवा. विज्ञान शून्य, आणि उलटी दिशा दाखवल्याबद्दल मायनस द्यायची सोय असती तर दिला असता. सर्टिफिकेट ठीक. लहान मुलांना घेऊन जाताय तर जरूर जा, पण घमेलं भरून तो चालायला लागला की त्यांना सांगा पायाकडे बघा. आणि त्याला म्हणा, "दादा, एकदा उत्तरेला डावीकडून वळा ना." आम्ही म्हटलं नाही कारण आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, ही माझी एकमेव हळहळ आहे. तो काय करतो ते मला प्लीज कळवा.

घरी येऊन आधी मी खेळ करून बघितला. गोल टबाने जमेना, भांडी ठेवायचा चौकोनी ट्रे घेतला, मध्ये भोक पाडलं, भरून हॉलभर चालले, उजवीकडून गिरकी, बोट काढलं, काड्या घड्याळासारख्या. डावीकडून गिरकी, उलट्या. दहात नऊ वेळा जमलं, दहाव्या वेळी माझा पाय घसरून सगळं पाणी पायपुसण्यावर. बाबा खुर्चीत बसून निकाल लिहीत होते, घसरलेलासुद्धा लिहिला, "अवैध".

मग त्यांनी स्वतःचा प्रयोग सुरू केला, शपिरोचा. सहा फुटांची टाकी काही घरात मावत नाही म्हणून दोन फुटांचा गोल टब, खाली दोन स्टुलं, मधोमध भोक, बारीक पाइप, टोकाला बूच. पाणी भरताना मुद्दाम घड्याळासारखं फिरवून, आपण उत्तर गोलार्धात ना, म्हणून. वरून प्लास्टिक. पहिल्या वेळी आठ तासांनीच धीर सुटला, बूच काढलं, काड्या घड्याळासारख्या, म्हणजे भरतानाचंच उरलेलं. तेव्हा त्यांनी पाण्यात शाईचा एक थेंब सोडून बघितलं. भरून तास झालेला, वरून बघितलं तर पाणी काचेसारखं स्थिर, आणि शाईचा तो दोरा मात्र हळूच वाकत वाकत टबाच्या कडेने निघाला, जसं कोणीतरी आतून त्याला ओढतंय. आम्ही तिघं खाली वाकून बराच वेळ तेच बघत बसलो. त्या अख्ख्या ट्रिपमध्ये एवढा वेळ मी कशाकडे बघितलं नसेल.

दुसऱ्या वेळी पूर्ण चोवीस तास, निकाल उलटा आला, बाबा लहान मुलासारखे खूश. मी म्हटलं एकदा येणं म्हणजे छापा-काटा झाला बाबा, किती वेळा येतो ते बघायला हवं. त्यांना ते पटलं, मास्तरच ते. तिसऱ्या वेळी नवऱ्याने त्या खोलीत पंखा लावून झोप काढली आणि प्लास्टिकच्या एका कोपऱ्यातून वारा जाऊन सगळं बाद झालं, त्याच्यावरून जे ऐकावं लागलं त्याला ते इथे लिहीत नाही.

सध्या चौथा चालू आहे. खोलीच्या दाराला कागद चिकटवलाय, "आत येऊ नये, पंखा लावू नये, टबाला हात लावू नये", खाली सही आणि पाणी भरल्याची वेळ. बूच उद्या सकाळी सव्वासातला काढायचंय. मला आज त्या खोलीतलं कपाट उघडायचं होतं, पण परवानगी मिळाली नाही.